दुपारी दोन वाजता बर्फी कुठे असेल?

पत्र: आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, आणि बर्फी ही आमची तीन वर्षांची लॅब्राडोर-मिक्स कुत्री. गेल्या उन्हाळ्यात ‘पेट-फ्रेंडली’ लिहिलेलं पाहून तळ्याकाठचं एक कॅम्पग्राउंड घेतलं. तिथे गेल्यावर कळलं की बीचवर बर्फीला बंदी, आणि तिला साइटवर एकटं सोडायलाही बंदी. दोन दिवस आम्ही नवरा-बायको पाळीपाळीने तिला धरून बसलो. दुसऱ्या रात्री पाऊस आला, तंबूखालून पाणी वाहायला लागलं आणि पहाटे दोनला गाडी काढून घरी परतलो. यंदा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सासू-सासरे साताऱ्याहून आलेले असतील. सासऱ्यांना झोपताना श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं, सासूबाईंचे गुडघे दुखतात. सगळ्यांना घेऊन तीन रात्री जायचं आहे. कुठलं कॅम्पग्राउंड घ्यावं? – एक वाचक, नेपरव्हिल

उत्तर: तुमची फसगत झाली ती ‘पेट-फ्रेंडली’ या शब्दाने. मिडवेस्टमधल्या जवळजवळ प्रत्येक सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये कुत्रा चालतो, त्यामुळे या शब्दावरून काहीच कळत नाही. साइटवर कुत्रा आणता येईल, एवढाच त्याचा अर्थ. पोहायच्या बीचवर, मुलांच्या खेळाच्या जागेत, शॉवरच्या इमारतीत आणि कॅबिनमध्ये बहुतेक ठिकाणी बंदी असते. त्यातच कुत्र्याला साइटवर एकटं सोडायचं नाही हा नियम सरकारी आणि खासगी दोन्हीकडे असतो. हे दोन नियम एकत्र आले की घरातलं एक मोठं माणूस दिवसभर अडकून पडतं. गेल्या वर्षी तुमचं नेमकं हेच झालं.

म्हणून जागा निवडताना आधी एकच प्रश्न विचारा: दुपारी दोन वाजता बर्फी कुठे असेल? सकाळचं फिरणं सगळीकडे जमतं, संध्याकाळी शेकोटीशी सगळे एकत्रच असतात. खरी ओढाताण दुपारी होते. ऊन तापलेलं असतं, मुलं पाण्यात जायचं म्हणून मागे लागलेली असतात, आजी-आजोबांना पडायचं असतं. गाडीत तर बर्फीला ठेवताच येत नाही. बाहेर 80 अंश फॅरेनहाइट असलं तरी बंद गाडीत दहा मिनिटांत 99 आणि अर्ध्या तासात 114 अंश होतात, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ‘आमच्याबरोबर, सावलीत, पाण्याजवळ’ असं उत्तर जिथे मिळेल, ती जागा तुमची.

हे उत्तर पार्कच्या नकाशात सापडतं, फोटोंत नाही. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांच्या नकाशांवर कुत्र्यांना कुठे परवानगी आहे त्या जागा दाखवलेल्या असतात. बाराबूजवळच्या डेव्हिल्स लेकला कुत्र्यांनी पाण्यात उतरायची वेगळी जागा राखलेली आहे. अशी जागा असली की दोघांपैकी एकाने मुलांना घेऊन बीचवर आणि दुसऱ्याने गाडीत थांबायचं ही वेळ येत नाही. ज्या पार्कात अशी जागा नाही, तिथे साइटच पाण्याला लागून आहे का ते बघा. आपल्या साइटच्या काठावरून सहा फुटी पट्ट्याने कुत्र्याला पाण्यात सोडायला बऱ्याच ठिकाणी हरकत नसते. बंदी असते ती दोरी लावून आखलेल्या पोहण्याच्या जागेत. तरी ऑफिसला फोन करून हे विचारूनच घ्या.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर तोही आत्ताच मिटवू. विस्कॉन्सिनमध्ये आठ फूट, इलिनॉयमध्ये दहा, आयोवा, मिशिगन आणि मिनेसोटात सहा फूट लांबीचा पट्टा चालतो. केंद्र सरकारच्या आर्मी कोअरच्या, म्हणजे सैन्याच्या अभियांत्रिकी विभागाच्या, तलावांवरही सहा फूट. सरळ सहा फुटी साधा पट्टा घ्या, तो सगळीकडे चालतो. ओढला की लांब होणारा रीळवाला पट्टा कॅम्पला नेऊ नका. तो बाकाच्या पायांना आणि खुर्च्यांना गुंडाळतो, आणि त्याची बारीक दोरी चार वर्षांच्या मुलीच्या पोटरीवर घासली तर कातडी सोलवटते. पट्टा झाडाला बांधायला अनेक पार्कांत मनाई असते. जमिनीत पिळून बसवायची लोखंडी खुंटी किंवा घडीचं जाळीचं कुंपण बरोबर ठेवा. कुंपण असलं तरी माणूस शेजारी हवंच.

आता कुठल्या प्रकारचं कॅम्पग्राउंड. आमचं मत स्पष्ट आहे: तुमच्यासारख्या कुटुंबाने गाजलेल्या स्टेट पार्कपेक्षा आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या तलावांकडे आधी बघावं. पूरनियंत्रणासाठी बांधलेली ही धरणं आहेत, आणि त्यांच्या काठांवर सैन्याच्या याच अभियांत्रिकी विभागाने कॅम्पग्राउंड केली आहेत. आयोवात कोरलव्हिल, सेलरव्हिल आणि रेड रॉक, इलिनॉयमध्ये शेल्बीव्हिल आणि कार्लाइल. साइट सहसा ऐसपैस असतात, बऱ्याच ठिकाणी वीज असते, शॉवर असतात, आणि शनिवार-रविवार सोडले तर गर्दी बेताची. बुकिंग सहा महिने आधी उघडतं. इथे एक बारकावा ध्यानात घ्या. ही पुराची धरणं आहेत. वरच्या बाजूला जोराचा पाऊस झाला की पाणी अडवून ठेवतात आणि तलाव चढतो; सखल साइट पाण्याखाली जातात, बीच बंद होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी तलावाची पातळी बघा आणि बुक करताना काठाच्या अगदी खालच्या रांगेपेक्षा वरची रांग घ्या.

बासष्ट वर्षांवरच्या माणसांसाठी केंद्र सरकारचा सीनियर पास मिळतो आणि त्यावर कोअरच्या साइट बहुधा निम्म्या दरात मिळतात. पण तो फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहे. सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर येत असतील तर त्या हिशेबात धरू नका.

दुसरा कमी लोकांना माहीत असलेला पर्याय म्हणजे आयोवातले काउंटी पार्क. तिथे 99 काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि प्रत्येकीचं स्वतःचं कॉन्झर्वेशन बोर्ड (निसर्गसंवर्धन मंडळ) आहे. लहानसं तळं, वीस-चाळीस साइट, मक्याच्या शेतांमध्ये झाडांचं एक बेट, असं साधारण रूप. मुलांनी सायकलवर गोल गोल फिरावं आणि आजोबांनी खुर्चीतून बघावं यासाठी इतकी चांगली जागा दुसरी नाही. उणीव एवढीच की काही ठिकाणी शॉवर नसतात आणि संडास खड्ड्यावरचे, पाण्याविना असतात. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करता फ्लशचे संडास आहेत का हे आधी विचारा. तिथली बैठक उंच खुर्चीची असते हे बरं, पण पाण्याची बाटली आणि प्लास्टिकचा मग घरून न्यायला विसरू नका.

खासगी कॅम्पग्राउंडचंही सांगायला हवं. केओए किंवा जेलीस्टोनसारख्या साखळ्यांमध्ये पोहण्याचा तलाव, उड्या मारायची गादी, छोटं दुकान असं सगळं असतं. जेलीस्टोनची सुरुवातच 1969 साली विस्कॉन्सिनच्या स्टर्जन बे इथे झाली, त्यामुळे या भागात ती बरीच दिसतात. चार वर्षांच्या मुलीला ते नक्की आवडेल. पण साइट एकमेकींना खेटून, गोल्फ कार्टची सततची ये-जा, आणि पोहण्याच्या जागेत बर्फीला बंदी. म्हणजे दुपारी दोनचा प्रश्न पुन्हा तसाच. शिवाय विम्याच्या अटींमुळे काही खासगी मालक ठराविक जातीचे कुत्रे घेत नाहीत. लॅब्राडोरला सहसा अडचण येत नाही, पण मिश्र जातीचा दुसरा अर्धा भाग पिटबुल किंवा रॉटवायलरकडे झुकत असेल तर आरक्षणाआधी बोलून घ्या. आजी-आजोबांसाठी कॅबिन आणि शेजारी तुमचा तंबू हा बेत खासगी ठिकाणी छान जमतो. फक्त बर्फी तंबूतच झोपणार आणि तिच्याबरोबर कोणीतरी मोठं माणूस झोपणार, हे आधी ठरवून ठेवा.

कॅम्पग्राउंडच्या नावापेक्षाही महत्त्वाचा असतो साइटचा क्रमांक. याच टप्प्यावर लोक घाई करतात. एकाच पार्कात 14 नंबरला स्वर्ग आणि 31 नंबरला हाल असं होतं. सॅटेलाइट नकाशा उघडा आणि नीट वेळ देऊन बघा.

रस्त्याच्या गोल फेऱ्याला साइट लागलेल्या असतात. काही आतल्या बाजूला, काही बाहेरच्या. आतल्या साइटमधून लोक संडासाकडे जाताना चारही बाजूंनी आडवे जातात आणि प्रत्येक माणसावर कुत्रा भुंकतो. बाहेरच्या बाजूची, पाठ जंगलाकडे असलेली साइट घ्या. तिथे येणं-जाणं एकाच दिशेने असतं आणि गाडी त्या दिशेला आडवी लावली की बर्फीला रस्ता दिसतच नाही. मोठ्या आरव्हींसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांसाठी, असलेल्या, एकीकडून आत शिरून दुसरीकडून बाहेर पडायच्या पुल-थ्रू साइट टाळा, त्या दोन्ही बाजूंनी उघड्या असतात. संडास-शॉवरपासून दीडशे ते तीनशे फुटांवर राहा. त्याहून लांब गेलात तर सासूबाईंना रात्री त्रास, आणि अगदी शेजारी घेतलीत तर रात्रभर दिवा डोळ्यांवर आणि दार आपटण्याचे आवाज. आरव्हीचं सांडपाणी सोडायच्या डंप स्टेशनशेजारी रविवारी सकाळी वाहनांची रांग लागते, वासही येतो. बोट उतरवायच्या धक्क्याशेजारी पहाटे पाचला मासेमारीवाल्यांचे पिकअप ट्रक सुरू होतात. खेळाच्या जागेला चिकटून साइट घेतली तर चेंडू आणि मुलं दिवसभर बर्फीच्या अंगावर; दोन साइट सोडून, पण मुलगी नजरेत राहील अशी घ्या.

सावली कुठून येते ते बघा. जुलैत दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं. साइटच्या पश्चिमेला उंच झाडं हवीत. पूर्वेला असली तर सकाळी आठला गार आणि दुपारी तीनला भट्टी. तंबू लावायची जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं का होईना उंच हवी. गेल्या वर्षी तुमच्या तंबूखाली पाणी आलं त्याचं कारण बहुधा हेच: सपाट दिसणारी हिरवी मऊ जागा अनेकदा सगळीकडचं पाणी साचायची जागा असते. पोहोचल्यावर गवत बघा. एका दिशेला झोपलेलं गवत किंवा काडीकचऱ्याची बारीक रेघ दिसली तर तिथून पाणी वाहून गेलेलं आहे. तंबूखालचं कापड तंबूच्या तळाहून दोन इंच आत दुमडा. ते बाहेर आलं तर पावसाचं पाणी त्यावर पडून सरळ तुमच्या अंथरुणाखाली जातं. साइटवर खडीचा चौथरा असेल तर तंबूबरोबर येणाऱ्या पातळ खुंट्या वाकतात; दहा इंची पोलादी खुंट्या आणि हातोडी न्या.

नकाशा थोडा लांब करून आजूबाजूची पाच मैलांची शेतीही बघा. शेतांत एकमेकींना समांतर, लांबट, पांढऱ्या छपरांच्या तीन-चार इमारती दिसल्या तर त्या डुकरांच्या किंवा टर्कींच्या शेड आहेत. वारा तिकडून आला की वास येणारच. बारीक काळी रेघ दिसली तर ती रेल्वे. मालगाडीने रस्ता ओलांडण्याआधी पंधरा-वीस सेकंद हॉर्न वाजवायचाच असा केंद्राचा नियम आहे, रात्री दोनलाही. मिसिसिपीच्या काठच्या पार्कांत आणि डेव्हिल्स लेकच्या पूर्व काठावरही रूळ आहेत. आवाजाने बिथरणारा कुत्रा असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. आयोवातल्या कच्च्या रस्त्यांवर ‘लेव्हल बी’ अशी पाटी दिसली तर पाऊस झालेला असताना गाडी घालू नका. ती निव्वळ मातीची वाट असते, खडीसुद्धा नाही; जीपीएस जवळचा रस्ता म्हणून तिकडे नेतं आणि चाकं रुतून बसतात.

सासऱ्यांच्या मशीनसाठी विजेची साइट घ्या. खांबावर आरव्हीसाठी 30 किंवा 50 अँपिअरचं मोठं सॉकेट असतं, त्यात घरचा प्लग बसत नाही. बहुतेक खांबांवर शेजारी साधं 20 अँपिअरचं सॉकेटही असतं, पण ते बिघडलेलं सापडू शकतं. तीसवरून घरच्या प्लगवर आणणारा अ‍ॅडॉप्टर गाडीत असू द्या. वायर बाहेरच्या वापराची, 14 गेजची, पन्नास फुटी. घरातली पातळ वायर तापते. जोड जमिनीवर ठेवू नका. चहासाठी इंडक्शन नेणार असाल तर 1800 वॉटची शेगडी एकटीच 15 अँपिअर घेते. तिच्याबरोबर किटली लावली की ब्रेकर पडेल आणि मशीनही बंद होईल. वादळात वीज जाते म्हणून मशीनची बॅटरी असेल तर तीही घ्या. आणखी एक: एका साइटवर किती माणसं चालतात ते वाचा. सहसा मर्यादा सहाची असते. तुम्ही सहा जण आहात, म्हणजे नेमके बसता. कोणी मित्र रात्री राहायला आले तर दुसरी साइट लागेल.

आता पाण्याचं, आणि हे आम्ही मनापासून, जोर देऊन सांगतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये मिडवेस्टच्या शेतीभागातल्या तळ्यांवर निळं-हिरवं शेवाळ येतं. शेतांतलं फॉस्फरसचं खत पावसाबरोबर वाहून येतं, मग चार-आठ दिवस कडक ऊन आणि शांत हवा मिळाली की ते फोफावतं. ओहायोतल्या ग्रँड लेक सेंट मेरीजवर 2010 साली इतकं वाढलं की लोकांना पाण्याला स्पर्शही करू नका असं सांगावं लागलं. त्याच्या काही जाती यकृतावर आणि मज्जासंस्थेवर घाव घालणारं विष तयार करतात. माणूस पाण्यातून बाहेर येऊन अंग पुसतो. कुत्रा पाणी पितो आणि नंतर अंग चाटतो, म्हणून विष त्याच्या पोटात कितीतरी जास्त जातं. लाळ गळणं, उलटी, झोकांड्या, फिट्स ही लक्षणं पाऊण तासाच्या आतही दिसू शकतात आणि उतारा नाही.

ओळखायचं कसं? पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दिसतो, किंवा वाटाण्याच्या सूपसारखं दाट. एक काठी बुडवून बाहेर काढा. केसांसारखे लांब हिरवे धागे लटकले तर ते साधं शेवाळ आहे. काठी रंगात बुडवल्यासारखी माखून आली तर तिथून सगळ्यांनी मागे फिरा. आयोवात स्टेट पार्कांच्या बीचवरचं पाणी मेमोरियल डे ते लेबर डे (मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात) दर आठवड्याला तपासून निकाल जाहीर करतात. तो बघा, पण त्यावरच विसंबू नका. तपासणी बीचची होते आणि वारा तवंग ढकलून ज्या कोपऱ्यात नेतो, तिथेच नेमका कुत्रा उतरतो. वारा ज्या काठाकडे वाहतोय त्याच्या उलट काठावर जा. पिण्याचं पाणी बर्फीसाठी नळाचं, दर वेळी. पाण्यातून आली की आधी तिला नळाच्या पाण्याने धुवा, मग मोकळं सोडा. काही खाल्ल्या-प्यायल्याची शंका आली तर एएसपीसीए या प्राणी-कल्याण संस्थेच्या विषबाधा केंद्राचा 888-426-4435 हा क्रमांक दिवसरात्र चालतो. ते फी घेतात. खेड्यातले पशुवैद्य बरेचदा गाई-डुकरांचे असतात आणि पाचला बंद होतात, म्हणून चोवीस तास चालणारं जवळचं इस्पितळ आधीच शोधून, त्याचा रस्ता फोनमध्ये उतरवून ठेवा. मॅडिसन, एम्स आणि अर्बाना इथे विद्यापीठांची पशुवैद्यकीय रुग्णालयं आहेत. दक्षिण-पश्चिम विस्कॉन्सिनच्या दऱ्यांमध्ये फोनला रेंजच नसते, तेव्हा नकाशा ऑफलाइन असू द्या.

गोचिडी. लाइम रोग पसरवणारी गोचीड तिच्या लहान अवस्थेत खसखशीच्या दाण्याएवढी असते, आणि ती अवस्था मे ते जुलैमध्येच जास्त आढळते. बर्फीची गोचिडीवरची गोळी निघण्याआधी सुरू असायला हवी. लाइम आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसींचे पहिल्यांदा दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, म्हणून जूनच्या सुरुवातीलाच पशुवैद्यांकडे जा. रेबीजचं प्रमाणपत्र तेव्हाच फोनमध्ये घ्या. काही ठिकाणी दाखवायला लागतं. मुलांच्या कपड्यांना आणि बुटांना 0.5 टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक घरीच फवारून पूर्ण वाळवा. किडे पळवणारा डीटचा फवारा माणसांसाठी. कुत्र्याला तो कधीच लावायचा नाही. रोज संध्याकाळी तपासणी: मुलांचे कानामागचे भाग, केसांची कड, कमरेची रेघ, गुडघ्यामागे, बर्फीचे कान, पायांच्या बोटांमधल्या फटी, गळपट्ट्याखाली, काखा. चिकटलेली सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. पिळायचं नाही, तेल लावायचं नाही, काडीने चटका द्यायचा नाही. एका दिवसाच्या आत काढली तर लाइमचा धोका फारच कमी राहतो.

वाटेच्या कडेला शेपूच्या फुलांसारखी पिवळी छत्रीदार फुलं आलेली, कमरेएवढी उंच झाडं दिसली तर मुलांना हात लावू देऊ नका. ती रानटी पार्सनिप. तिचा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडलं की दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीचं तेल बर्फीच्या केसांना लागून तिथून मुलांच्या हातांना येतं. तिला स्वतःला काही होत नाही, म्हणून कळतही नाही. तिला वाटेच्या मध्यावर चालवा.

रात्री स्कंक या प्राण्याने आपला दुर्गंधी द्रव बर्फीवर फवारला तर आंघोळीला नेहमीचा शाम्पू काम देत नाही. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक क्वार्ट (जवळजवळ एक लिटर), पाव कप बेकिंग सोडा आणि एक-दोन चमचे भांड्यांचा द्रव साबण उघड्या बादलीत कालवा, डोळे सांभाळून चोळा, पाच मिनिटांनी धुवा. हे मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका, वायूने बाटली फुटते. आणि जुलै म्हणजे मक्याच्या कणसांचा हंगाम. दाणे खाऊन उरलेलं कणीस लॅब्राडोर अख्खं गिळतो आणि ते आतड्यात अडकून ऑपरेशनपर्यंत पाळी येते. कणसं थेट झाकणाच्या पिशवीत, पिशवी गाडीत. द्राक्षं, बेदाणे, कांदा-लसूण घातलेली भाजीही बर्फीपासून दूर. सासूबाईंना हे आधी सांगा, कारण प्रेमाने एखादा घास दिला जातोच.

सरपण घरून नेऊ नका. अ‍ॅश झाडं पोखरणारा एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा 2002 साली डेट्रॉइटजवळ सापडला आणि लाकडांबरोबर सगळीकडे पसरला. विस्कॉन्सिनच्या पार्कांत दहा मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित लाकूडच चालतं. गेटजवळ विकत मिळतं.

वादळासाठी एक तयारी फार थोडे लोक करतात: आपण कुठल्या काउंटीत आहोत ते कागदावर लिहून ठेवणं. हवामान खात्याचा इशारा रेडिओवर काउंटीच्या नावाने येतो, पार्कच्या नावाने नाही. गव्हर्नर डॉज स्टेट पार्क विस्कॉन्सिनमध्ये आहे, पण ‘आयोवा काउंटी’त, रात्री झोपेत हे नाव ऐकून माणूस शेजारच्या राज्याची बातमी समजतो. मिडवेस्टमध्ये उन्हाळ्यात मोठी वादळं बरेचदा रात्रीच येतात. 10 ऑगस्ट 2020 ची डेरेचो, म्हणजे लांबवर सरळ धावणारी वाऱ्याची वावटळ, मात्र भर दिवसा आयोवातून गेली आणि सीडर रॅपिड्सची असंख्य झाडं आडवी झाली. तंबू विजेपासून किंवा पडणाऱ्या फांदीपासून वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की गाडीत. टॉर्नेडोचा इशारा असेल तर शॉवरची काँक्रीटची इमारत. ती इमारत निवारा म्हणून वापरता येते का, रात्री उघडी असते का, आणि अशा वेळी कुत्रा आत घेता येतो का, हे तिन्ही प्रश्न फोनवर विचारा.

आता तुमच्यासाठी नावं. पहिली पसंती आयोवा सिटीजवळचा कोरलव्हिल तलाव, वेस्ट ओव्हरलुक कॅम्पग्राउंड, नेपरव्हिलपासून साधारण साडेतीन तास, काउंटी जॉन्सन. धरणापाशीच डेव्होनियन फॉसिल गॉर्ज ही जीवाश्मांची घळ आहे. 1993 च्या पुरात सांडव्यावरून पाणी गेलं, माती वाहून गेली आणि सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ उघडा पडला. नऊ वर्षांचा मुलगा तिथे तास-दीड तास रमेल. सकाळी नऊच्या आत जा, खडक तापला की बर्फीच्या पंजांना चटके बसतात. तळहात सात सेकंद टेकवून बघा. तिथल्या पाण्याचा शेवाळाचा निकाल मात्र न चुकता बघायचा. दुसरी पसंती गव्हर्नर डॉज, साधारण तीन तासांवर. दोन तळी, एक लहान धबधबा, भरपूर सावली. विस्कॉन्सिनचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, त्यामुळे जुलैचे शनिवार-रविवार गेलेले असणार. तिथे प्रवेशाचं वाहन-स्टिकर वेगळं घ्यावं लागतं आणि परराज्यातल्या गाडीला ते महाग पडतं. तिसरी शेल्बीव्हिल तलावावरचं कून क्रीक किंवा लिथिया स्प्रिंग्ज. आयोवाच्या स्टेट पार्कांचं बुकिंग तीनच महिने आधी उघडतं, म्हणून तुमच्या तारखांसाठी एप्रिलच्या मध्यावर तिथेही बघता येईल.

रविवार दुपार ते बुधवार सकाळ अशा तीन रात्री घ्या. रविवारी दुपारी लोक परततात, चांगल्या साइट मोकळ्या होतात आणि सोमवारी-मंगळवारी फेऱ्यावर सायकली चालवायला मुलांना रस्ता रिकामा मिळतो. ऑफिसला फोन मंगळवार ते गुरुवार सकाळी करा, तेव्हा तिथल्या माणसाला बोलायला सवड असते. त्याला सरळ विचारा की कुत्रा आणि गुडघेदुखी असलेल्या आजी बरोबर असतील तर तुम्ही कुठली साइट घ्याल. बहुतेक वेळा तो क्रमांक सांगतो.

निघण्याआधी एक रात्र घरामागच्या अंगणात तंबू लावून बर्फीला त्यात झोपवा. तिची नखं कापून घ्या, तळाला जुनी सतरंजी अंथरा, आणि पहिल्या रात्री तंबूच्या चेनच्या आवाजाला ती दचकते का ते बघून ठेवा.